खिशात शंभर, शर्यती सात: एका हौशी पंटरच्या दिवसाचा हिशेब

रेसहून परतलेल्या पंटरला, म्हणजे घोड्यांवर पैसे लावणाऱ्याला, "काय झालं?" विचारलं की तो घोड्यांबद्दल बोलतो. कुठला नाकाने हरला, कुठल्याला जॉकीने उशिरा सोडला, कुठला ऐन वळणावर कोंडला गेला. कुठल्या शर्यतीवर किती लावले हे मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि विचारलं तरी आकडे जरा गोल होऊनच येतात. या प्रकरणात ते नेमके सांगता येतात, कारण या गृहस्थांबरोबर त्यांचा पुतण्या होता. न लागलेलं प्रत्येक तिकीट त्याने रेसकार्डात, म्हणजे शर्यतींच्या छापील पुस्तिकेत, घालून ठेवलं आणि लागलेल्यांचे आकडे समासात लिहिले. मी दिवसभर त्यांच्या शेजारीच होतो. पुतण्या त्यांना काका म्हणतो, म्हणून आपणही काकाच म्हणू.

काका नोकरदार आहेत, पन्नाशीतले. वर्षातून दोन-तीनदा रेसला येतात. त्यांना व्यसन नाही. घोड्यातलं अगदीच काही कळत नाही असंही नाही. आदल्या रात्री कार्ड घेऊन बसतात, मागच्या धावा पाहतात, वजन आणि अंतर पाहतात, आणि प्रत्येक शर्यतीत एका घोड्यावर पेन्सिलीने खूण करून झोपतात. आकडे सोपे राहावेत म्हणून त्यांची दिवसाची रक्कम १०० धरतो. बाकी सगळं त्याच प्रमाणात. ठरलेलं असं होतं: सात शर्यती, प्रत्येकीत खुणेच्या घोड्यावर विनला (घोडा पहिलाच यायला हवा) १०, आणि उरलेल्या ३० ला हात लावायचा नाही. दिवसाअखेर खिशात २० होते.

पहिली शर्यत

पहिल्याच शर्यतीत खुणेचा घोडा लागला. काका तिकीट घ्यायला गेले तेव्हा बोर्डावर त्याचा भाव ३.१ होता, म्हणजे दहाचे एकतीस. हातात पडले २६. "पाच कुठे गेले?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि नवख्या माणसाचा तो कायमचा प्रश्न असतो.

टोटवर, म्हणजे मैदानाच्या अधिकृत खिडकीवर, भाव कोणी 'देत' नसतं. सगळ्यांचे पैसे एका पुलात, म्हणजे सामायिक गल्ल्यात, जमतात, त्यातून क्लबची आणि सरकारची कपात होते आणि उरलेले पैसे लागलेल्या तिकिटांवर वाटले जातात. ही पद्धत जोसेफ ऑलेर यांनी १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये सुरू केली. (पॅरिसचं प्रसिद्ध नृत्यगृह मूलां रूज उभं करणाऱ्या दोघांपैकी एक हेच. लोकांचे पैसे एका जागी कसे जमवावेत हे या माणसाला चांगलंच कळत होतं.) काकांच्या मैदानावर विन आणि प्लेसची (प्लेसला घोडा पहिल्या तिनांत आला तरी चालतो) कपात २० टक्के होती, जोड्यांच्या पुलाची २५. जगात बऱ्याच ठिकाणी ती याच्याच आसपास असते.

काका खिडकीवर होते तेव्हा विनच्या पुलात ६,२०० जमले होते आणि त्यांच्या घोड्यावर १,६००. कपात जाऊन उरतात ४,९६०. भागिले १,६००, म्हणजे ३.१. शर्यत सुटेपर्यंत पूल १०,००० वर गेला आणि त्या घोड्यावर ३,००० झाले. ८,००० भागिले ३,००० म्हणजे २.६६. त्यातलाही शेवटचा तुकडा खाली कापून डिव्हिडंड, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा भाव, २.६ लागला. हा कापलेला तुकडा क्षुल्लक वाटतो, पण कमी भावाच्या घोड्यांवर तो दिवसभर लागत राहतो. आणि पंटरांचा मोठा पैसा शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच येतो, त्यामुळे बोर्डावरचा भाव हा फक्त तेवढ्या वेळेपुरता अंदाज असतो.

बुकीकडे घेतला असता तर ३.१ पक्का राहिला असता. पण बुकी फुकट काही देत नाही. समजा पाच घोड्यांचे भाव २.५, ४, ५, ८ आणि १० आहेत. प्रत्येक भावाने १०० ला भागा: ४०, २५, २०, १२.५, १०. बेरीज १०७.५. शंभराच्या वरचे हे साडेसात त्याची कमाई. टोटवाला कपात फलकावर लिहितो, बुकी ती भावात मुरवतो, एवढाच फरक.

पहिल्या शर्यतीनंतर खिशात ११६.

नाक

दुसऱ्या शर्यतीत शेवटच्या दोनशे मीटरला दोन घोडे जोडीने आले. फोटो मागवला गेला. निकाल लागेपर्यंत काका रेलिंगला धरून उभे होते आणि आपलाच घोडा कसा पुढे होता हे शेजारच्या तिघांना समजावत होते. फोटोत तो नाकाने मागे निघाला. दहा गेले, १०६ उरले.

ही शर्यत मी मुद्दाम वेगळी काढतो. रकमेच्या दृष्टीने ती अगदी साधी हार होती, ठरल्याप्रमाणे दहाचीच. पण काकांच्या मनात ती हार म्हणून नोंदलीच गेली नाही. "दोनपैकी दोन बरोबर होते, एक जरा नाकात अडकला," असं ते म्हणाले. आपल्याला आज 'दिसतंय' ही खात्री त्यांना जिंकलेल्या शर्यतीने दिली त्याहून जास्त या हरलेल्या शर्यतीने दिली. पुढची रक्कम वाढली ती इथून.

पॅडॉक आणि पाव्हण्याची टिप

तिसऱ्या शर्यतीत कार्डावर खूण होती सात नंबरवर. शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकच्या कठड्याशी एका अनोळखी माणसाने, मान न वळवता, दोन नंबर सांगितला. तबेल्यातूनच आलंय म्हणाला. आता गंमत अशी की दोन नंबर त्याच वेळी आमच्या समोरून गेला आणि त्याची अवस्था लपण्यासारखी नव्हती. मानेवर घामाचे काळे पट्टे, मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस, शेपटी सारखी झटकतोय, आणि मोतद्दार दोन्ही हातांनी लगाम धरून त्याच्यामागे जवळजवळ घसटत चाललाय. सात नंबर मात्र मान खाली घालून, लांब ढांगा टाकत चालला होता. घाम आला म्हणजे घोडा हरतोच असं नाही, काही घोडे तसेच धावतात आणि जिंकतात. पण गेटमध्ये शिरायच्या आधीच घोडा दम खर्च करतोय एवढं तरी त्यातून कळतं, आणि काकांनाही ते कळलं. "तापलाय घोडा," ते स्वतःच म्हणाले.

"काका, तुमची खूण सातावर आहे," पुतण्या म्हणाला.

"अरे, आतली बातमी आहे. आणि हे पैसे काय आपले नाहीत, पहिल्या रेसचे आहेत."

दोन नंबरवर २० लागले.

'हे पैसे आपले नाहीत' या वाक्याचा अभ्यास झालेला आहे. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं की नुकतीच कमाई झालेली असेल तर माणूस एरवी घेणार नाही असा धोका सहज घेतो. तो पैसा त्याला घरचा वाटतच नाही. खरं पाहता काकांच्या खिशातले १०६ सगळेच काकांचे होते.

टिपेचंही तसंच. पॉल स्लोविक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रेसचे अंदाज बांधणाऱ्या जाणकारांना आधी थोडी आणि मग टप्प्याटप्प्याने पुष्कळ जास्त माहिती दिली होती. अंदाज किती बरोबर येतात त्यात जवळजवळ फरक पडला नाही. वाढत गेला तो जाणकारांचा स्वतःवरचा विश्वास. काकांच्या बाबतीत तर नवी माहिती डोळ्यांसमोरच्या माहितीच्या विरुद्ध होती, तरी जिंकली ती टिपच.

खिडकीवरून परतताना मला आणखी एक गोष्ट दिसली. रांगेत उभे असताना काका दोनदा म्हणाले, "बघू, नाहीतर सातावरच लावू." तिकीट हातात पडल्यावर सातचं नावच नाही. उलट दोन नंबरचा घाम कसा चांगला, अंग मोकळं झालंय, असं ते मलाच सांगू लागले. नॉक्स आणि इंकस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर हेच मोजलं होतं. तिकीट काढायला चाललेल्यांना आणि नुकतंच काढून आलेल्यांना त्यांनी विचारलं, तुमचा घोडा जिंकेल असं कितपत वाटतं? काढून आलेल्यांचा विश्वास स्पष्टपणे जास्त होता. मधे घडलं होतं ते फक्त पैसे देणं.

दोन नंबर वळणापर्यंत पुढे होता आणि मग संपला. सात नंबर चौथा आला, म्हणजे खूण पाळली असती तरी दहा गेलेच असते. टिपेने काकांचं जास्तीचं नुकसान केलं ते फक्त दहाचं. तिला त्याहून मोठा दोष देणं अन्यायाचं होईल. ८६ उरले.

चार मिळाले, तेही आवडले नाहीत

चौथ्या शर्यतीत काका जपून खेळले. खुणेचाच घोडा, पण विनऐवजी प्लेसला १०. घोडा तिसरा आला, प्लेसमध्ये बसला, डिव्हिडंड १.४. चौदा हातात, खिशात ९०. दीड-दोन मिनिटांत दहावर चार, म्हणजे दिवसातला निर्णय म्हणून उत्तम. विनला लावले असते तर दहाही गेले असते.

काकांचं तोंड पडलं. "चार? एवढ्यासाठी इथे आलो?"

प्लेसचा पूल पहिल्या तीन घोड्यांत वाटला जातो, म्हणून तिथे डिव्हिडंड लहानच असतो. पण माझ्या मते दिवस फिरला तो इथे, आणि तोही लागलेल्या तिकिटावर. नाकाने हरलेली शर्यत काकांना गोड लागली, जिंकलेली आंबट. इथून पुढे त्यांनी लहान डिव्हिडंडाकडे पाहिलंच नाही.

सहा तिकिटं

पाचवीत क्विनेला. पहिले दोन घोडे सांगायचे, क्रम कोणताही चालेल. काकांनी चार घोडे निवडले आणि त्यांच्या सगळ्या जोड्या घेतल्या. चार घोड्यांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येकीवर ४, म्हणजे २४. "लहान लहान तिकिटं आहेत," ते म्हणाले, आणि प्रत्येक तिकीट खरोखरच लहान होतं.

या सहांपैकी लागून लागून एकच लागणार. पाच तिकिटं घेतानाच मेलेली असतात, फक्त कोणती पाच ते माहीत नसतं. म्हणजे डिव्हिडंड सहाच्या खाली आला तर जोडी बरोबर येऊनही घाटाच. शिवाय या पुलाची कपात २५ टक्के. एवढं सगळं मान्य करून कोणी क्विनेला खेळला तर माझं काही म्हणणं नाही, मीही खेळतो. पण काका दहाच्या ठरलेल्या आकड्यावरून चोवीसवर गेले, आणि हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, कारण चोवीस सहा तुकड्यांत गेले होते.

खुणेचा घोडा जिंकला. विनचा डिव्हिडंड ४.२. दुसरा आला तो चारांच्या बाहेरचा. ठरल्याप्रमाणे साधे दहा विनला असते तर बेचाळीस आले असते, आले शून्य. ६६ उरले.

सहाव्या शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घोडा बाहेरच्या ड्रॉमधून, म्हणजे बाहेरच्या कडेच्या जागेवरून, सुटला, पूर्ण वळण रुंदीने घेतलं आणि मधेच कुठेतरी राहिला. सांगण्यासारखी आहे ती रक्कम. काकांनी १६ लावले. दहा नाही, पंधरा नाही, सोळा. का? "म्हणजे पन्नास राहतील. पन्नास तरी घरी न्यायचे." सोळा गेले आणि खिशात बरोबर ५० राहिले.

शेवटची

पन्नास घरी न्यायचा बेत वीस मिनिटं टिकला.

शेवटच्या शर्यतीची एक वेगळी ख्याती आहे. रिचर्ड ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शर्यतींच्या नोंदी तपासून दाखवलं की लोक लांब भावाच्या, म्हणजे जिंकण्याची आशा कमी असलेल्या, घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिटवर, म्हणजे सर्वात कमी भावाच्या घोड्यावर, कमी. विल्यम मॅकग्लोथलिन यांना १९५६ मध्ये दिसलं की दिवसाच्या शेवटच्या शर्यतीत लोकांचं वागणं आणखी बदलतं. कानेमान आणि टवर्स्की यांनी १९७९ मध्ये याचं कारण नेमकं मांडलं: ज्याने दिवसभराचं नुकसान मनाने स्वीकारलेलं नाही तो एरवी नाकारला असता असा जुगार स्वीकारतो. मैदानावरच्या अर्ध्याअधिक लोकांचा हिशेब त्या वेळी उणे असतो, आणि सगळ्यांना तो एकाच शर्यतीत बरोबर करायचा असतो.

खुणेचा घोडा सोडून काकांनी बोर्डावर २२ भावाचा एक घोडा पकडला आणि त्यावर ३० लावले. आले असते तर ६६०. पुतण्याने तिथेच कार्डाच्या मागे आकडेमोड केली, ती मी पाहिली. २२ भाव याचा अर्थ लोकांच्या मते त्या घोड्याची शक्यता ०.८ (२० टक्के कपात जाऊन उरलेला भाग) भागिले २२, म्हणजे ३.६ टक्के, सत्तावीस-अठ्ठावीसात एक. आणि ग्रिफिथचं खरं मानलं तर प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

इथे एक गोष्ट मला खरोखर विचित्र वाटली. काकांना शंभरावर परत यायचं होतं, असं ते स्वतः म्हणत होते. त्यासाठी पन्नास हवे होते. भाव ३ असलेल्या घोड्यावर २५ लावले असते आणि तो लागला असता तर ७५ आले असते, खिशातले २५ धरून बरोबर १००. अशा घोड्याची शक्यता त्याच हिशेबाने २७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुकसान भरून काढायचं हेच ध्येय धरलं तरी २२ चा घोडा हा त्याचा वाईट मार्ग होता. पुस्तकं सांगतात की माणूस वसुलीसाठी लांबचा घोडा पकडतो. काकांच्या बाबतीत वसुली हे तोंडदेखलं कारण होतं असं मला वाटतं. चौथ्या शर्यतीतल्या त्या चारने त्यांचा जो अपमान केला होता, त्याची भरपाई करू शकणारा डिव्हिडंड त्यांना हवा होता.

घोडा शेवटून दुसरा आला. खुणेचा घोडाही लागला नाही.

८० कुठे गेले

दिवसभरात काकांनी लावले १२०, परत आले ४०. खिशात शंभरच होते, तरी फिरले एकशे वीस, कारण आलेले पैसेही पुन्हा खिडकीवर गेले. कपात खिशातल्या रकमेवर नसते, फिरलेल्या रकमेवर असते. विन-प्लेसच्या ९६ वर २० टक्के आणि क्विनेलाच्या २४ वर २५ टक्के धरले तर सरासरीने २५ च्या आसपास केवळ खेळण्याची किंमत झाली. ठरलेले ७० च फिरले असते तर ही किंमत १४ होती.

आता पुतण्याचा हिशेब. तो मला कपातीपेक्षाही उपयोगाचा वाटतो.

खुणेच्या सातही घोड्यांवर विनला दहा-दहा लावले असते तर: पहिली अधिक १६, पाचवी अधिक ३२, बाकी पाच शर्यतींत उणे ५०. एकूण उणे २. दिवस जवळजवळ फुकट पडला असता. काकांनी घोडे बदलले आणि तिकिटाचा प्रकार बदलला (प्लेस, क्विनेला, टिप, लांब भाव), पण रक्कम प्रत्येक शर्यतीला दहाच ठेवली असती तर उणे ३०. म्हणजे मत बदलण्याची किंमत २८. उरलेले ५० गेले ते निव्वळ रक्कम वाढवल्यामुळे: तिसरीत जास्तीचे १०, पाचवीत १४, सहावीत ६, सातवीत २०. ऐंशीतले पन्नास.

सात शर्यतींवरून काकांच्या पेन्सिलीची पारख करता येणार नाही. पाचवीतला तो ४.२ हुकला असता तर उणे दोनचे उणे चव्वेचाळीस झाले असते. पण रक्कम कधी वाढली हे पाहायला सात शर्यती पुरतात, कारण ती नशिबाने वाढली नाही. ती प्रत्येक वेळी काकांनीच वाढवली आणि चारही वेळा मागच्या शर्यतींचा काही ना काही हिशेब डोक्यात होता. घोड्यांना तो हिशेब माहीत नसतो.

पुतण्याचं म्हणणं पडलं की सातही शर्यतींची तिकिटं सकाळीच काढून टाकावीत. बऱ्याच मैदानांवर तशी सोय असते, आणि घोडा मागे घेतला गेला तर पैसे परत मिळतात. मला हे पटत नाही. पॅडॉकमध्ये घोडा फेसाळलेला दिसतोय आणि तिकीट आधीच खिशात आहे, यात रेसची मजा काय राहिली? मैदान ओलं झालं, जॉकी बदलला, तर मत बदलणं योग्यच असतं. माझी सूचना कमी कडक होती: दहा-दहाची सात पाकिटं करावीत, कुठल्याही शर्यतीला एकच उघडावं, आणि लागलेले पैसे वेगळ्या खिशात टाकून घरी जाईपर्यंत मोजू नयेत. घोडा, तिकिटाचा प्रकार, टिप, सगळं मोकळं; पाकीट तेवढं बांधलेलं. काकांना पाकिटांची कल्पना पोरकट वाटली. (हे सगळं काकांसारख्या हौशी माणसापुरतं आहे. ज्याला हरलेला आकडा घरी लपवावा लागतो किंवा उसने घेऊन परत यावं लागतं, त्याचा प्रश्न पाकिटांनी सुटत नाही. त्याने मैदानावर न येणं आणि मदत घेणं हाच रस्ता.)

परतीच्या वाटेवर काकांचं एकच पालुपद होतं: फोटोने मारलं. दुसऱ्या शर्यतीत ते नाक आपल्या बाजूला असतं तर दिवसच वेगळा होता. पुतण्याने तोही आकडा काढला. त्या घोड्याचा बोर्डावर शेवटचा भाव ४ होता. लागला असता तर चाळीस आले असते. बाकी सगळं तसंच धरलं तर दिवसाअखेर साठ.

"म्हणजे नाक लागूनही चाळीस गेलेच असते?"

"बाकी सगळं तसंच धरलं तर. पण काका, शेवटच्या रेसला खिशात पन्नासऐवजी नव्वद असते, तर तुम्ही तीसच लावले असते का?"

काका हसले. "छे. साठ लावले असते."